जिथे डाकूचा आवाज फाटतो

"शेवटी तिजोरी उघडते, जाडा डाकू हसायला लागतो आणि हसता हसता त्याचा आवाज फाटतो, ती जागा मी तीनदा मागे जाऊन पाहिली. पोट दुखेपर्यंत हसलो. काय नट आहे हा!" असं कुणीतरी लिहिलं होतं आणि त्याखाली शंभरावर लोकांनी अंगठे उंचावले होते. त्याने ते वाचलं, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि थोडा वेळ त्या पालथ्या फोनकडेच बघत बसला. मग सरळ करून पुन्हा वाचलं. सिनेमा कोरियन होता. घोडे, वाळवंट, बंदुका, मोठमोठ्या टोप्या, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी कशावर तरी आपटणार, अशी हाणामारीची विनोदी गोष्ट. त्यातल्या जाड्या डाकूला आपल्या भाषेत बोलता करणारा आवाज त्याचा होता. टाळ्या कोरियन नटाला आणि आवाज इथे टेबलाशी बनियनवर बसलेल्या माणसाचा, यात नवीन काही नव्हतं. वीसेक वर्षं त्याचं पोट यावरच भरत होतं. दुखलं ते वेगळंच. आवाज फाटतो ती जागा अभिनयाची नव्हती. तो आजार होता. त्या हसण्यात तो पहिल्यांदा ऐकू आला, आणि त्या दिवशी स्टुडिओत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

चारच्या आत हॉस्पिटलला फोन करायचा होता. हो म्हटलं तर गुरुवारी स्वरयंत्र काढणार, नाही म्हटलं तर खाट दुसऱ्या कुणाला देणार. डॉक्टर गोड बोलणारा होता, पण या एका गोष्टीत त्याने आडपडदा ठेवला नव्हता. काढलं तर आवाज जाईल, माणूस राहील. नाही काढलं तर काही महिन्यांत दोन्ही जातील. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. बायको आठवडाभर तेच म्हणत होती. आज सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जाताना चपला घालता घालता ती थांबली आणि म्हणाली, "फोन मी करणार नाही. बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला. तुझं हो किंवा नाही तुझ्याच तोंडून जाऊ दे. तू माझ्यासाठी केलंस, असं मला पुढे कधी ऐकायचं नाहीये." त्याने मान हलवली. दोन दिवस मान हलवणं हेच त्याचं बोलणं होतं. डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलंय म्हणून हा गप्प आहे, असं घरात वाटत होतं, आणि हा मूग गिळून बसला होता दुसऱ्याच कारणासाठी. त्या सिनेमाचा दुसरा भाग आला होता. सोमवारपासून रेकॉर्डिंग होतं. दोन-चार दिवस अजिबात बोललो नाही तर तेवढ्यापुरता आवाज साठेल, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. हॉस्पिटलला म्हणायचं, एक महिना द्या. महिना नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी म्हणायचं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. याची काडी कोरियातून आली होती आणि तो ती दोन्ही हातांनी धरून बसला होता.

मतं वाचायचा नाद त्याला अलीकडेच लागला. पूर्वी तो या वाटेला जात नसे. लोक काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण आजार कळल्यापासून तो रोज या सिनेमाखालची मतं उघडायचा आणि बोटाने वर वर सारत राहायचा. घोडे एक नंबर, माणसं ठीक. गोष्ट कळली नाही पण मजा आली. कोरियात वाळवंट कुठून आलं, कुणी सांगेल का? आणि त्याखाली भूगोलावरून जुंपलेलं भांडण, ज्यात शेवटी दोघांनी एकमेकांची शाळा काढली होती. जेवताना लावला होता, जेवण गार झालं, म्हणून एक तारा कमी. सासऱ्यांबरोबर बघू नये. टोप्या विकणारी बाई एवढी चांगली नेमबाज असेल तर टोप्या कशाला विकते? तिजोरीत काय निघतं हे ज्याने वर लिहून ठेवलंय, त्याला त्याच वाळवंटात सोडून या. तो हे सगळं वाचायचा आणि शोधत असायचा एकच शब्द: आवाज. आवाज कुणाचा आहे, एवढं कुणीतरी एकदा विचारावं. नाव नको होतं त्याला. सिनेमा संपला की नावांच्या पाट्या सुरू व्हायच्या आत फोन आपणहून पुढचा सिनेमा लावतो, नाव कोण बघणार? नुसता प्रश्न पुरला असता. शेकडो मतांत तो प्रश्न नव्हता. आवाजावर बोलणारं एकच मत होतं आणि तेही शिव्या घालणारं: "ओठ एक म्हणतात, आवाज दुसरंच. मूळ भाषेत बघा." त्याचा त्याला संताप आला होता, कारण ते साफ खोटं होतं. ओठ जुळवण्यात त्याच्याइतका काटेकोर माणूस त्या स्टुडिओत नव्हता. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की आपल्या वाक्यात तिथे प, ब, म असं काहीतरी आलंच पाहिजे, त्याचं तोंड बंद झालं की आपलंही वाक्य संपलंच पाहिजे. त्यासाठी तो अर्थ थोडा इकडेतिकडे करायचा, पण लांबी सोडायचा नाही. लांबी चुकली की मेलेला माणूस बोलतोय असं वाटतं, हे तो नव्या माणसांना सांगायचा. सांगायचा तेव्हा हसायचा.

रेकॉर्डिंगचा तो दिवस त्याला आता रोज आठवतो, तरी रोज त्यात काहीतरी नवीन सापडतं. काचेपलीकडे दिग्दर्शिकाबाई, पायांवर शाल घेतलेल्या, कारण तिथला गारवा यंत्रांसाठी असतो, माणसांसाठी नसतो. शेजारी रेकॉर्डिस्ट, ज्याला सगळे 'पुन्हा' म्हणायचे, कारण दिवसभर तो तेवढा एकच शब्द बोलायचा. समोर पडद्यावर शेवटचा प्रसंग. दोन डाकू, टोपीवाली आणि दाढदुखीने बेजार झालेला फौजदार अशी चौघं सिनेमाभर एक बंद तिजोरी गाढवगाडीवरून वाळवंट ओलांडून नेतात, तिच्यासाठी एकमेकांना मारतात, आणि शेवटी ती दारू लावून फोडतात, तर आत दुसरी, लहान तिजोरी. तोवर जाड्याच्या पोटात गोळी गेलेली असते. तो त्या लहान तिजोरीकडे बघतो आणि हसायला लागतो. हसता हसता मरतो. मूळ कोरियन नट मरण्याआधी टोपीआडून अगदी हलक्या आवाजात काहीतरी म्हणतो. भाषांतराच्या कागदावर लिहिलं होतं, 'अजून थोडं पुढे जायचं होतं'. बाई म्हणाल्या, ते काढून टाक, ओठ टोपीआड आहेत, कुणाला कळतंय, लोकांना हसत घरी जाऊ दे, तिथे हसूच भर. त्याने भरलं. मोठा श्वास घेतला, पोटातून हसायला सुरुवात केली, आणि मधेच, सगळ्यात वर, आवाज जुना कपडा फाटावा तसा फाटला आणि क्षणभर तिथे काहीच नव्हतं, नुसती हवा. मग आवाज परत आला. त्याने हेडफोन उतरवला आणि माफी मागितली. पुन्हा घेऊ म्हणाला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट 'पुन्हा' म्हणणार तोच बाईंनी त्याचा हात धरला. त्या उभ्या राहिल्या होत्या. "हेच ठेवायचं," त्या बटण दाबून स्पीकरवर म्हणाल्या. "हे कुठून काढलंस रे?" आपोआप झालं, एवढं त्याने म्हणायला हवं होतं. घसा बरा नाही, असं म्हणता आलं असतं. पण समोर तिघं-चौघं काचेला नाक लावून टाळ्या वाजवत होती, आणि वीस वर्षांत काचेपलीकडून टाळ्या त्याने ऐकल्या नव्हत्या; ऐकल्याही नाहीत म्हणा, काच जाड असते, नुसते हात दिसले. तो म्हणाला, ठेवणीतलं आहे.

आणि मग ते खरंच ठेवणीतलं झालं. स्टुडिओच्या मालकाने सिनेमाचा तो तुकडा दहा ठिकाणी ऐकवला आणि जो तो येऊन 'ते फाटणारं' मागायला लागला. खोकल्याच्या औषधाची जाहिरात झाली. तेव्हा तर हसावं की रडावं अशी स्थिती होती, पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं! लहान मुलांच्या मालिकेत एक म्हातारं अस्वल झालं. एका गुप्तहेराचा दारुडा काका झाला. प्रत्येक वेळी आवाज अमक्या जागी फाटायला पाहिजे, आणि तो फाटायचा. सुरुवातीला त्याला आणावा लागायचा, मग बोलावला की यायचा, मग न बोलावता यायला लागला. न्हाणीघरात, जिन्यावर, बायकोला हाक मारताना. बायको म्हणाली, घरी तरी ते नाटक नको. तो म्हणाला, सराव करतोय. हे तो मनापासून म्हणाला होता. त्याला खरंच तसं वाटत होतं. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातला माणूस घसा बसला की आठ दिवसांत डॉक्टरकडे जातो. शिक्षक जातो, कंडक्टर जातो, भाजीवाला जातो. हा एकटाच असा, की घसा बिघडला आणि याला वाटलं आपली कला वाढली. सहा-सात महिने तो आपल्या आजाराला रियाज घालत होता. या वाक्यापाशी आला की तो दर वेळी हात चोळायला लागतो, तसा आताही लागला.

आतून स्वयंपाकघरातून भांडी लावल्याचा आवाज आला. सासूबाई होत्या. सासरे गेल्यापासून त्या इथेच असत, आपली एक खुर्ची बरोबर घेऊन आल्या होत्या आणि दुसऱ्या खुर्चीवर बसत नसत. जावयाच्या धंद्याबद्दल त्यांचं मत त्यांनी लग्नाच्या वेळीच सांगून टाकलं होतं, आयत्या तोंडात नागोबा, आणि नंतर ते बदलायची त्यांना गरज वाटली नाही. त्याला त्या पाण्यात पाहत होत्या असं नाही. पण जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या आवाजात बोलतो त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. घरी त्याचा स्वतःचा आवाज तसा बारका होता, सपाट, कुणी लक्षात ठेवावा असा नव्हताच. मीठ दे, दिवा घालव, उद्या उशीर होईल, एवढ्यापुरता. सिनेमा आला तेव्हा सगळ्यांनी तो घरी एकत्र बघितला होता. शेजारचं जोडपं आलं होतं. सासूबाई आपली खुर्ची उलटी फिरवून, टीव्हीकडे पाठ करून मटार सोलत बसल्या होत्या, कारण बंदुका त्यांना बघवत नसत. शेवटचं हसू आलं, आवाज फाटला, खोली हसून लोटपोट झाली, शेजारणीने तर उशी तोंडात धरली. आणि त्या हसण्यात सासूबाईंचं एक वाक्य आलं, मटारच्या शेंगेवरून नजर न उचलता. "हा हसत नाहीये. याच्या घशात काहीतरी आहे. कुणाला तरी दाखवा म्हणावं." त्यावर शेजारी म्हणाला, काकू, तो कोरियाचा आहे, तिकडचे डॉक्टर बघतील त्याला, आणि खोली दुप्पट हसली. तोही हसला. हसताना त्याचा आवाज फाटला, आणि सगळे म्हणाले, हेच, हेच, पुन्हा एकदा. सासूबाईंनी तेव्हा मागे वळून त्याच्याकडे पाहिलं होतं. हजारो लोकांनी सिनेमा पाहिला, ज्याला त्याला मत होतं, आणि ज्या एका बाईने तो पाहिलाच नाही तिला तेवढं ऐकू आलं. हे मत कुठेच लिहिलेलं नाही, तरी ते त्याला सगळ्यात जास्त पाठ आहे. त्याचा त्याला अजून राग येतो. आपल्याच घरात सांगणारं माणूस होतं आणि आपण त्याच्या तोंडावर हसलो, या विचाराने जीव नुसता कासावीस होतो, आणि जीव कासावीस झाला की आवंढा गिळावा लागतो, आणि आवंढा गिळला की तिथे ते लागतं.

पहिल्यांदा दाखवायला गेला त्या दिवशी हॉस्पिटलात बाहेर बाकावर एक माणूस होता. गळ्याला रुमाल, रुमालाखाली भोक. ऑपरेशनला वर्ष झालेलं. हातात दाढीच्या यंत्राएवढी वस्तू. ती त्याने हनुवटीखाली लावली आणि विचारलं, पहिलीच वेळ का? एका सुरातला, चढ नाही उतार नाही असा आवाज, ज्याला यंत्रमानव म्हणतात तो. असे यंत्रमानव त्याने स्वतः कितीतरी केले होते, नाक चिमटीत धरून, मुलांच्या मालिकांसाठी, आणि प्रत्येक वेळी स्टुडिओत हशा पिकला होता. तो माणूस मात्र खुशीत होता. बायको म्हणते आता भांडणात मीच जिंकते, तो म्हणाला, कारण याची बॅटरी उतरते. आणि हसला. हसताना त्याने ती वस्तू गळ्याला लावली नव्हती, त्यामुळे नुसते खांदे हलले, तोंड उघडलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. काचेपलीकडच्या टाळ्यांसारखं. तो माणूस चांगला होता, धीर द्यायलाच बोलला होता, आणि याला मात्र तिथून उठून पळावंसं वाटलं. बायकोने त्याचं मनगट धरून ठेवलं म्हणून तो बसला. मरणाची भीती वाटते का, असं त्याने स्वतःला बरेचदा विचारलं होतं, आणि उत्तर दर वेळी गोलमाल येत होतं. त्या न ऐकू येणाऱ्या हसण्याची मात्र त्याला स्वच्छ भीती वाटत होती. आवाज नसलेला आपण म्हणजे नक्की कोण, हे त्याला कळत नव्हतं. चेहरा कधी कुणी बघितला नाही, नाव कधी कुणी वाचलं नाही. होतं नव्हतं ते घशातच होतं.

मालकाचा फोन तासाभरापूर्वी आला होता. तो उचलून काही बोलला नाही. मालकाला सवय होती, तो एकटाच दोघांचं बोलायचा. सोमवारी दहाला ये, जाडा मेला नव्हता असं दाखवलंय, गोळी पट्ट्याला लागली होती म्हणे, कोरियावाल्यांचं काय जातंय! लोकांना तेच फाटणारं पाहिजे, सांभाळून ठेव. मग जरा थांबून म्हणाला, आणि तब्येतीचं काही असेल तर मोकळेपणी सांग, ताण घेऊ नको, दुसरा एकजण आहे, तुझी नक्कल हुबेहूब करतो, फाटण्यासकट, मी डोळे मिटून ऐकलं, मला फरक कळला नाही. हे त्याने आपुलकीनेच सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फाटण्यासकट. म्हणजे कुणीतरी धडधाकट माणूस, निरोगी गळ्याने, त्याचं दुखणं हुबेहूब करून दाखवणार, लोक तीनदा मागे जाऊन बघणार आणि लिहिणार, काय नट आहे हा. कुणालाही काही कळणार नाही. तो असला काय आणि नसला काय, जाडा डाकू हसत राहील. या विचारानेच त्याने ते मतांचं पान उघडलं होतं, आणि उघडताच ते पहिलं मत समोर आलं होतं.

घड्याळात साडेतीन होऊन गेले होते. तो उठला आणि झोपायच्या खोलीत गेला. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून आत शिरला आणि दार ओढून घेतलं. यात काही विचित्र नव्हतं. घरी तातडीचं काम असलं की तो इथेच करायचा, कारण टांगलेले कपडे आवाज पितात आणि घुमू देत नाहीत. बायकोचे कोट कानाला लागत होते, तिच्या दुकानातल्या काचा पुसायच्या पाण्याचा वास त्यांना होता. दोन दिवस साठवलाय, तो मनात म्हणाला. आधी बघू तर. हसून बघू, मग हॉस्पिटलला सांगू, महिना द्या. त्याने श्वास घेतला, पोट आत ओढलं, डोळ्यांपुढे वाळवंट आणलं, तिजोरी आणली, तिच्यातली लहान तिजोरी आणली, आणि हसला. तोंड उघडलं. खांदे हलले. कोट हलले. काहीच झालं नाही. त्याने पुन्हा केलं. मग हसू सोडलं आणि नुसतं 'आ' म्हणून पाहिलं, मग बायकोचं नाव, मग मीठ दे. हवा येत होती, जात होती, आणि मधे कुठेही ती कशाला लागत नव्हती. दोन दिवस ज्याची राखण केली ते दोन दिवसांपूर्वीच गेलं होतं, आणि तो रिकामं घर राखत बसला होता. त्याने एका कोटाची बाही तोंडात धरली. रडण्यालाही आवाज नव्हता. आपल्याला वाचवायला कुणी येणार नाही, हे इतकं स्पष्ट त्याला कधीच वाटलं नव्हतं, डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली तेव्हासुद्धा नाही.

दार बाहेरून उघडलं गेलं. सासूबाई उभ्या होत्या, हातात त्याचा फोन, आणि फोन वाजत होता. जावई दुपारी कपाटात बसलेला आहे, याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. "हॉस्पिटलचा आहे," त्या म्हणाल्या. त्याने फोन घेतला, कानाला लावला. पलीकडून एका मुलीचा थकलेला आवाज म्हणाला, तुमचा फोन येणार होता, खाट ठेवायची की सोडायची? त्याने तोंड उघडलं. ती हॅलो म्हणाली, पुन्हा हॅलो म्हणाली, कुणी आहे का म्हणाली. सासूबाईंनी हात पुढे करून फोन त्याच्याकडून घेतला, सगळ्यांना ऐकू येईल असा केला, आणि आपली खुर्ची ओढत आणून कपाटासमोर, त्याच्याकडे तोंड करून बसल्या.

"त्यांना आवाज नाही," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "मी सासू. ते ओठांनी सांगतील, मी मोठ्याने म्हणेन."

मुलगी म्हणाली, तसं चालत नाही आजी, होकार पेशंटचा स्वतःचा लागतो. सासूबाई म्हणाल्या, त्यांचाच असेल, तोंड तेवढं माझं. मुलीच्या मागे कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. मग तिने नाव विचारलं. त्याने ओठ हलवले, सासूबाईंनी नाव सांगितलं. वय विचारलं, ते सांगितलं. गोळ्या कुठल्या चालू आहेत, मधुमेह आहे का, सोबत कोण येणार. पहिल्यांदा त्या मागे पडत होत्या, त्याचं तोंड मिटल्यावर त्यांचं वाक्य सुरू व्हायचं, आणि त्याच्या नकळत तो सावकाश झाला, त्यांच्यासाठी थांबायला लागला, जसा नव्या माणसासाठी थांबायचा. पाचव्या-सहाव्या उत्तराला दोघं बरोबर यायला लागली. त्या आता फोनकडे बघत नव्हत्या. त्यांचे डोळे त्याच्या ओठांवर होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"आता शेवटचं," मुलगी म्हणाली. "गुरुवारी दाखल व्हायला पेशंट तयार आहेत ना? त्यांनाच विचारा."

सासूबाईंनी विचारलं नाही, नुसतं पाहिलं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. त्याने एक हात कोटाच्या बाहीला धरला होता. त्याने श्वास घेतला, आणि माइकसमोर एकच संधी असावी तसं, एकही अक्षर न गाळता, सासूबाईंना नीट दिसेल असं म्हणाला: मला अजून बोलायचंय.

त्यांना कळलं. कळलं नाही असं म्हणायला जागा नव्हती. त्यांनी मांडीवरचा पदर मुठीत धरला. फोनमधली मुलगी म्हणाली, काय म्हणतायत ते?

"मग किती वाजता यायचं?" सासूबाई म्हणाल्या. आणि हे त्या आपल्या आवाजात म्हणाल्या नाहीत. बारक्या, सपाट आवाजात म्हणाल्या. मीठ दे, दिवा घालव, उद्या उशीर होईल, त्या आवाजात. त्याने तो लगेच ओळखला.

मुलगी म्हणाली, सकाळी आठला, उपाशीपोटी. तो मान हलवू शकला असता. फोन हिसकावून बंद करू शकला असता, कपाटाच्या दारावर मूठ आपटू शकला असता. तो तसाच बसून राहिला, आणि वीस वर्षांच्या सवयीने त्याने ते वाक्य आपल्या ओठांवर ठेवून पाहिलं. सुरुवातीचा म जुळला होता. मधे त्याचे ओठ मिटले तिथे सासूबाईंच्या वाक्यात काहीच नव्हतं, आणि कुणी बघत असतं तर त्याने नक्की लिहिलं असतं, की ओठ एक म्हणतात आणि आवाज दुसरंच. पण लांबी बरोबर होती.